येस: 'क्लोज टू द एज' बाजूला ठेवून सांगा, सर्वोत्तम अल्बम कोणता?

अर्धमात्रा (धागाकर्ता)

येस या ब्रिटिश रॉक बँडच्या अल्बमांची चर्चा सुरू झाली की दहा मिनिटांत निकाल लागतो. कुणीतरी 'क्लोज टू द एज' म्हणतं, बाकीचे माना डोलावतात, संपलं. मला ते मान्यच आहे. १९७२ चा अल्बम, तीनच गाणी, पहिलं अख्खी एक बाजू व्यापणारं, जवळजवळ १९ मिनिटांचं, आणि एक सेकंदही भरीचा नाही. पण १९६९ पासून २०२३ च्या 'मिरर टू द स्काय'पर्यंत या बँडचे वीसाच्या वर स्टुडिओ अल्बम आहेत आणि एका अल्बमच्या सावलीत बाकी सगळे झाकले जातात याचं खरंच वाईट वाटतं. म्हणून तो एक बाजूला ठेवू. उरलेल्यांत पहिला कोण?

माझं मत 'रिलेयर', १९७४. रिक वेकमन सोडून गेलेला, कीबोर्डला पॅट्रिक मोराझ आलेला. स्टुडिओतला एकच अल्बम केला त्याने येसबरोबर, पण त्याच्या वाजवण्यात जॅझ-फ्यूजनची जी धार होती ती सगळ्या बँडला लागली. गिटारवाल्या स्टीव्ह हाउने टेलिकास्टर गिटार हातात घेतला, त्याचा तो करकरीत आवाज अंगावर येतो. 'द गेट्स ऑफ डिलिरियम' युद्धावरचं गाणं आहे, मूळ प्रेरणा 'वॉर अँड पीस'. मधल्या लढाईच्या भागात ड्रमर अॅलन व्हाइट आणि गायक जॉन अँडरसनने गाड्यांचे भंगार भाग जमवून आपटलेत. तो सगळा गोंधळ विरतो आणि 'सून' सुरू होतं तेव्हा जे होतं ते मला येसच्या दुसऱ्या कुठल्याही गाण्यात होत नाही.

उत्तर द्याल तर कारणासकट द्या, नुसती नावं नकोत.

गुणगुण

फ्रॅजाइल. कारण: राउंडअबाउट. :)

खर्ज

@गुणगुण, अहो एका गाण्यावर अल्बम जिंकतो का? फ्रॅजाइलमध्ये नऊ ट्रॅक, त्यातले पाच एकेकाने आपापल्या मर्जीने केलेले. वेकमनने ब्राम्सच्या चौथ्या सिम्फनीतला तुकडा कीबोर्डवर रचला, तेव्हाचा ड्रमर ब्रुफर्डचा तुकडा तर अर्ध्या मिनिटाच्या आसपास. 'मूड फॉर अ डे' सुंदर आहे यात वाद नाही. पण चार मोठ्या गाण्यांच्या मधेमधे हे आले की सलगपणा जातो. 'साउथ साइड ऑफ द स्काय'मध्ये तो पियानो आणि बिनशब्दांचं समूहगायन येतं, मन कुठल्या कुठे जातं, आणि नेमकं त्याच्या पुढेमागे हे छोटे तुकडे.

गुणगुण

सलगपणा जात असेल, 'हार्ट ऑफ द सनराइज' तर जात नाही ना! आणि ते छोटे तुकडे मला आवडतात. पाच माणसं कोण आहेत ते कळतं, मग ती एकत्र वाजवायला लागली की कोण काय करतंय ते ऐकू येतं. नवीन माणसाला येसची ओळख करून द्यायला याहून चांगला अल्बम नाही. शिवाय राउंडअबाउटच्या सुरुवातीला तो उलटा फिरवलेला पियानोचा सूर चढत येतो आणि गिटारची एक नोट सुटते, एवढ्यावरच अर्धं जग जिंकलंय. २०१२ च्या 'जोजो' अॅनिमेत शेवटाला ते गाणं घेतलं तर चाळीस वर्षांनी शाळकरी पोरं येस ऐकायला लागली.

बासवाला

फ्रॅजाइलला माझं मत. 'द फिश' मधले जवळपास सगळे आवाज बास गिटारचे आहेत, एकावर एक थर देऊन केलेले, हे कळल्यावर परत ऐकून बघा.

आणि विषय निघालाच आहे तर लिहितोच, राहवत नाही. ख्रिस स्क्वायर रिकनबॅकर वाजवायचा, बोटांनी नाही, पिकने, आणि त्या बासचे दोन आवाज वेगळे काढायचा, खालचा जाड भाग एकीकडे आणि वरचा तीक्ष्ण भाग दुसऱ्या अॅम्पला थोडा फाटलेला. त्यामुळे त्याचा बास कधी ड्रमच्या मागे लपतच नाही, गिटारच्या बरोबरीने समोर येऊन बोलतो. इतर बँडमध्ये बास काढला तर गाणं पोकळ होतं, येसमध्ये बास काढला तर चालच जाते. २०१५ च्या जूनमध्ये तो गेला तोपर्यंत येसच्या प्रत्येक स्टुडिओ अल्बमवर असलेला तो एकटा माणूस. अँडरसन नाही, हाउ नाही, स्क्वायर. त्यामुळे मी प्रत्येक अल्बम बास ऐकूनच तोलतो आणि तसं तोललं तर दुसरा नंबर 'ड्रामा'चा. 'टेम्पस फ्युगिट' ऐका.

निळी_किनार

ड्रामाचं नाव कुणीतरी घेतलं! मी वाटच बघत होते.

१९८०. अँडरसन आणि वेकमन दोघंही गेलेले. राहिले स्क्वायर, हाउ, व्हाइट. आणि त्यांनी कुणाला घेतलं, तर बगल्सच्या ट्रेव्हर हॉर्न आणि जेफ डाउन्सला, ज्यांचं एक पॉप गाणं नुकतंच सगळीकडे वाजलं होतं. कागदावर हा वेडेपणा. पण 'मशीन मसाया'ची सुरुवात ऐका, इतकं जड, काळं रिफ येसने आधी कधी वाजवलं नव्हतं. येसची मुखपृष्ठं काढणाऱ्या चित्रकार रॉजर डीनचं मुखपृष्ठही परत आलं. सहाच गाणी, सगळी घट्ट. त्याच्या आधीचा 'टोर्मॅटो' किती विस्कळीत आहे ते आठवा, म्हणजे ड्रामाने बँडला कुठून वर काढलं ते कळेल.

जुनी_टेप

ड्रामा चांगला आहे पण आवाज अँडरसनचा नाही. मला येस म्हणजे तो आवाज. दौऱ्यात अँडरसनच्या पट्टीतली जुनी गाणी रोज गाणं हॉर्नला जड गेलं हेही खरं आहे.

माझं मत 'द येस अल्बम', १९७१. स्टीव्ह हाउचा पहिला. आधीच्या दोन अल्बमांत दुसऱ्यांची गाणी होती, दुसऱ्यात तर वर ऑर्केस्ट्रा चढवलेला, त्यात बँड दबून गेला. इथे पहिल्यांदा सगळं स्वतःचं. टोनी केचा हॅमंड ऑर्गन, त्या आवाजाला एक ऊब आहे जी वेकमनच्या चकचकाटात नंतर गेली (वेकमनप्रेमींनी रागावू नका). 'स्टारशिप ट्रूपर'चा शेवटचा भाग 'वुर्म' म्हणजे तीन कॉर्ड, फक्त तीन, फिरत फिरत चढत जातात. कमी सामानात किती उंच जाता येतं त्याचा तो धडा आहे. एडी ऑफर्डचं ध्वनिमुद्रणही अजून मोकळं आहे, प्रत्येक वाद्याला श्वास घ्यायला जागा.

सुटा_सूर

+१ द येस अल्बम. मुखपृष्ठावर केच्या पायाला प्लास्टर आहे, बघितलंय का कुणी? फोटोच्या आधी बँडच्या गाडीला अपघात झाला होता.

दुसरी_बाजू

सगळे घाबरत असतील तर मी म्हणतो. 'टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स'.

१९७३ चा, दोन तबकड्या, चार बाजू, चार रचना, ८१ मिनिटं. याची चेष्टा करायची एक पद्धतच पडून गेली आहे आणि चेष्टा करणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांनी तो सलग ऐकलेला नसतो. उगम सगळ्यांना माहीत आहे: ब्रुफर्डच्या लग्नात किंग क्रिमसन या बँडचा जेमी म्युअर भेटला, त्याने अँडरसनला योगानंदांच्या आत्मचरित्राची वाट दाखवली, टोकियोच्या हॉटेलात अँडरसनने त्यातली एक तळटीप वाचली. शास्त्रांचे चार प्रकार, श्रुती, स्मृती, पुराण, तंत्र. बस, चार बाजू ठरल्या. मग दौऱ्यावर हॉटेलच्या खोल्यांत मेणबत्त्या लावून अँडरसन आणि हाउने सगळा आराखडा केला.

आता आपल्यातल्या कुणालाही हे चार शब्द नवे नाहीत. त्यामुळे आपण पटकन म्हणतो की एका तळटिपेवर एवढा डोलारा? पण मी तो अल्बम शास्त्र शिकायला ऐकत नाही. मला त्यातली रचना बघायची असते. दुसरी बाजू 'द रिमेंबरिंग', स्मृतीची. तिथे मेलोट्रॉनच्या (टेपवरचे सूर वाजवणारा कीबोर्ड) लाटा हळूहळू येतात, ओळखीचे सूर वर येतात आणि परत बुडतात. स्मृतीवर संगीत करायचं तर ते असंच चालेल ना? तिसऱ्या बाजूला हाउची स्टील गिटार आणि तालवाद्यांचा खडखडाट, कान किटतील असं वाटेपर्यंत, आणि मग एकदम साधी नायलॉन तारांची गिटार आणि आवाज. चौथीत स्क्वायरचा बास सोलो, मग तिघं मिळून तालवाद्यांवर तुटून पडतात, आणि तिथून 'नू सोम द्यू सोलेय'. सलग ऐकलं तरच त्या शेवटाची किंमत कळते.

खर्ज

@दुसरी_बाजू, प्रतिसाद सुंदर, मत अमान्य. वेकमन स्वतः म्हणत आला की साहित्य एका तबकडीपेक्षा जास्त आणि दोनपेक्षा कमी होतं, म्हणून भर घालावी लागली. बँडचाच माणूस म्हणतोय! रेकॉर्डिंग चालू असताना तो त्याच स्टुडिओत शेजारी असलेल्या ब्लॅक सॅबथकडे जाऊन त्यांच्या एका गाण्यावर कीबोर्ड वाजवून आला. पुढे दौऱ्यात मँचेस्टरला तर कार्यक्रम चालू असताना कीबोर्डवर ताट ठेवून करी खाल्ली.

गुणगुण

करी खायला वेळ मिळाला म्हणजे भर होतीच. :D

दुसरी_बाजू

वेकमनला पटला नाही म्हणून अल्बम वाईट ठरत नाही. त्याला काही भागांत करायला फारसं नव्हतं, त्याची चिडचिड समजते. पण इंग्लंडमध्ये तो पहिल्या क्रमांकावर गेला होता, लोकांनी विकत घेऊन ऐकला. भर कुठे आहे ते मलाही माहीत आहे, दुसऱ्या बाजूची मधली काही मिनिटं आणि तिसरीची सुरुवात. तेवढ्यासाठी पहिली आणि चौथी बाजू सोडायची? 'द रिव्हीलिंग सायन्स ऑफ गॉड' एकटं काढलं तर ते 'क्लोज टू द एज'च्या शेजारी मान ताठ ठेवून उभं राहतं, माझा ठाम विश्वास आहे.

अर्धमात्रा

@दुसरी_बाजू, पहिल्या बाजूबद्दल पूर्ण सहमत. त्यातला व्हाइटचा ठेका ब्रुफर्डला जमला नसता असं नाही, पण ब्रुफर्डने तो वाजवलाच नसता. ब्रुफर्ड तालात कोपरे काढायचा, प्रत्येक ठोका अनपेक्षित जागी, व्हाइट मात्र गाणं खांद्यावर घेऊन चालायचा. क्लोज टू द एज संपताच ब्रुफर्ड क्रिमसनकडे गेला आणि व्हाइटला ते सगळं साहित्य दौऱ्याआधी तीनच दिवसांत बसवावं लागलं. लोक अजून ब्रुफर्ड गेल्याचं दुःख करतात, पण तो थांबला असता तर रिलेयर झाला नसता.

सप्तरंग

इतके प्रतिसाद झाले आणि 'गोइंग फॉर द वन' कुणी म्हणेना?? १९७७! 'अवेकन'!

वेकमन परत आला तो अल्बम. स्वित्झर्लंडमध्ये माँत्रोला रेकॉर्डिंग, आणि ऑर्गन मात्र जवळच्या व्हेव्हेच्या चर्चमधला. वेकमन तिथे चर्चमध्ये बसून वाजवतोय, बाकीचे इकडे स्टुडिओत, आणि मधे टेलिफोनच्या तारा. तारेवरून आलेला ऑर्गन! मधल्या शांत भागात अँडरसनची हार्प, बारीक घंटांसारखे आवाज, आणि खालून तो ऑर्गन हळूहळू भरत जातो. पंधरा मिनिटांचं गाणं आहे, माझ्यासाठी येसने केलेलं सर्वांत मोठं काम. क्लोज टू द एजहून मोठं, बाजूला ठेवायचीही गरज नाही.

मुखपृष्ठ रॉजर डीनचं नाही, हिप्नोसिस या डिझाइन कंपनीचं, उंच इमारती आणि पाठमोरा माणूस, ते मात्र मला कधी आवडलं नाही.

बासवाला

अवेकनसाठी स्क्वायर स्टेजवर तीन मानांचा बास वाजवायचा. वजनाचा विचार करूनच माझे खांदे दुखतात.

सायंप्रकाश

मी इथे नवीन आहे, वाचतेय आणि एकेक ऐकतेय. एक प्रश्न, '९०१२५' या अल्बमचं नाव कुणीच का घेत नाही? माझी येसशी ओळख 'ओनर ऑफ अ लोनली हार्ट'ने झाली. ते येस नाही का?

जुनी_टेप

चांगला अल्बम आहे पण प्रोग (प्रोग्रेसिव्ह रॉक) नाही. अमेरिकेत १९८४ च्या जानेवारीत पहिल्या क्रमांकावर गेलेलं गाणं, त्यावर काय बोलणार. बँडचं नावही आधी 'सिनेमा' ठेवणार होते. अँडरसन शेवटी आला, तयार गाण्यांवर आवाज दिला, आणि नाव परत येस झालं. अल्बमच्या नावासाठी त्यावर छापायचा कॅटलॉग नंबर घेतला.

निळी_किनार

@सायंप्रकाश, येसच आहे ते, कुणाला विचारायची गरज नाही. आणि @जुनी_टेप, ज्या ट्रेव्हर हॉर्नचा आवाज तुम्हाला चालला नाही त्यानेच निर्माता म्हणून ९०१२५ घडवला. 'ओनर'मध्ये मधेच ते तोडलेले ड्रम आणि ऑर्केस्ट्राचे तडाखे येतात, १९८३ साली ते रेडिओवर ऐकणं म्हणजे काय असेल! 'लीव्ह इट'मधली आवाजांची वीण बघा, ती सरळ १९७१ च्या येसमधून आलेली आहे, फक्त कपडे नवे. वीस मिनिटांचं गाणं म्हणजेच प्रोग असं असेल तर मग आपण घड्याळ बघून अल्बम निवडतोय.

सुटा_सूर

मला वाचता वाचता एक गोष्ट दिसली. इथे आलेली नावं बघा. द येस अल्बम: हाउ नवा. फ्रॅजाइल: वेकमन नवा. टोपोग्राफिक: व्हाइटचा पहिला स्टुडिओ अल्बम. रिलेयर: मोराझ. ड्रामा: हॉर्न आणि डाउन्स. ९०१२५: ट्रेव्हर रॅबिन. म्हणजे कुणी नवा माणूस येऊन घडी विस्कटतो तेव्हाच हा बँड जागा होतो. नव्याला स्वतःला सिद्ध करायचं असतं आणि जुन्यांना त्याच्यासमोर कमी पडायचं नसतं. टोर्मॅटोत कुणी नवं नव्हतं, सगळे ओळखीचे, आणि सगळे एकाच वेळी वाजवताहेत, कुणी कुणाचं ऐकत नाही.

खर्ज

@सुटा_सूर, विचार आवडला. पण मग क्लोज टू द एजचं काय? तेच पाच जण जे फ्रॅजाइलमध्ये होते. एकही नवा नाही. आणि गोइंग फॉर द वनमध्ये तर जुनाच माणूस परत आला. दुसऱ्या टोकाला 'युनियन', १९९१, दोन बँड जोडून आठ जण, म्हणजे तुमच्या हिशोबाने तो महान व्हायला हवा होता. वेकमन त्याला 'अनियन' म्हणतो, ऐकला की डोळ्यांत पाणी येतं म्हणून.

सुटा_सूर

युनियनमध्ये ते आठ जण एकत्र बसून वाजवतच नव्हते हो. दोन गटांची गाणी वेगवेगळी झालेली, एकत्र आले ते नंतर दौऱ्यात, आणि दौरा छान झाला. नवा माणूस खोलीत यायला तर पाहिजे! क्लोज टू द एजचं मात्र खरं आहे, तो माझ्या म्हणण्यात बसत नाही. फ्रॅजाइलच्या वेळी वेकमन आला तेव्हा बरीच गाणी आकाराला येत होती, पूर्ण मुरल्यावर त्या पाच जणांनी केलेला एकच अल्बम तो. म्हणूनच कदाचित तो वेगळा काढून ठेवावा लागतो.

सप्तरंग

अवांतर: स्टीव्हन विल्सनने केलेले रीमिक्स कुणी ऐकलेत का? त्याने क्लोज टू द एज, द येस अल्बम, रिलेयर, फ्रॅजाइल आणि टोपोग्राफिक असे एकेक नव्याने मिक्स केले. मला रिलेयरचा जुना मिक्स कानाला टोचायचा, वरचे सूर सगळे एकमेकांवर चढलेले. नव्यात लढाईच्या भागात सिंथ आणि गिटार वेगळे ओळखू येतात.

अर्धमात्रा

ऐकलाय. तो अल्बम स्क्वायरच्या घरी रेकॉर्ड केलेला, एडी ऑफर्डने आपली सामग्री तिथे नेऊन. त्या आवाजात एक कोंदटपणा आहे आणि मला लढाईच्या भागात तोच हवा असतो. स्वच्छ केल्यावर काय चाललंय ते कळतं, पण जीव गुदमरत नाही. 'साउंड चेझर'साठी मात्र नवा मिक्स एकदम मान्य, ते गाणं इतकं वेगात जातं की जुन्यात अर्ध्या गोष्टी कळायच्याच नाहीत.

दुसरी_बाजू

टोपोग्राफिकचा रीमिक्स ऐकून माझे दोन मित्र बदलले, चेष्टा करणारे होते. बासही वर आलाय. @बासवाला, तुमच्यासाठी.

बासवाला

ऐकतो. चौथ्या बाजूच्या 'रिच्युअल'पासून सुरू करतो, चालेल ना?

दुसरी_बाजू

नाही चालणार. पहिल्या बाजूपासून.

सायंप्रकाश

मी तुम्हा सगळ्यांनी सांगितलेले ऐकून झाले आणि माझं उत्तर देते, कारणासकट. रिलेयर नाही, गोइंग फॉर द वन नाही. ड्रामा. मला अँडरसनचा आवाज आवडतोच, पण त्याचे शब्द ऐकताना मी सतत अर्थ शोधत राहते आणि त्यात वाजवणं ऐकायचं राहून जातं. ड्रामामध्ये पहिल्यांदा हाउ, स्क्वायर आणि व्हाइट हे तिघं काय करताहेत ते सलग ऐकता आलं. @सुटा_सूर यांचं म्हणणं मला तिथे पटलं, दोन नव्यांच्या मधे ते तिघं जिवावर उदार होऊन वाजवताहेत.

निळी_किनार

धागा सार्थकी लागला. :)

जुनी_टेप

शब्दांचा अर्थ शोधू नका हो. अँडरसन शब्द आवाजासाठी निवडतो, 'सायबेरियन खात्रू'चा शेवटचा भाग बघा, सुटे सुटे शब्द ठेक्यावर टाकलेत, आणि त्यानेच गाणं पळतं.

मंद्र

उशिरा आलो. १९८० नंतरचं कुणी फारसं बोललं नाही म्हणून एक नाव जोडतो, 'मॅग्निफिकेशन', २००१. कीबोर्डवाला नव्हताच, त्याच्या जागी पूर्ण ऑर्केस्ट्रा. 'टाइम अँड अ वर्ड'मध्ये ऑर्केस्ट्राने बँडला झाकलं होतं असं वर @जुनी_टेप यांनी लिहिलंय, इथे तीस वर्षांनी तीच गोष्ट नीट केली आहे, ऑर्केस्ट्रा बँडमधला पाचवा माणूस होऊन वाजतो. अँडरसनचा येसबरोबरचा शेवटचा स्टुडिओ अल्बम. पहिला नंबर नाही देणार, पण पहिल्या आठात हवाच.

पहिला? धागाकर्त्याशी सहमत, रिलेयर, पण कारण वेगळं. सगळे 'गेट्स'वर बोलतात, 'टू बी ओव्हर'वर कुणीच नाही. हाउची इलेक्ट्रिक सितार, मग पेडल स्टील, कुठेही घाई नाही. त्या अल्बममध्ये एवढी आदळआपट झाल्यावर इतकं शांत वाजवायला धैर्य लागतं.

अर्धमात्रा

@मंद्र, 'टू बी ओव्हर'वर मी लिहायला हवं होतं इतकं ते मला प्रिय आहे. त्यात शेवटाकडे मोराझ जे वाजवतो तेवढ्यासाठी तरी लोकांनी दुसरी बाजू पूर्ण ऐकावी, बहुतेक जण 'साउंड चेझर'ला दमून थांबतात. मॅग्निफिकेशन आज रात्री परत लावतो. 'इन द प्रेझेन्स ऑफ'बद्दल तुमचं काय मत आहे?

मंद्र

त्या अल्बमचं तेच हृदय आहे. ऐकून झालं की लिहा, मग भांडू.